जुन्या कॅमॅरोला नवा पत्रा

१९६९च्या शेवरले कॅमॅरोच्या मागच्या चाकामागे, अगदी खालच्या अंगाला, रंगाखाली रुपयाच्या नाण्याएवढा फुगवटा येतो. अंगठ्याने दाबला तर किंचित आत जातो. तेवढाच भाग घासावा, लांबी भरावी, वरून रंग मारावा, असं पाहणाऱ्याला सहज वाटतं. पण हा गंज बाहेरून आत शिरलेला नसतो, तो आतून बाहेर आलेला असतो. फुगवटा दिसेपर्यंत पत्र्याची मागची बाजू खाऊन झालेली असते आणि बहुतेक वेळा त्याच्या पलीकडचा, चाकाभोवतीचा आतला घुमटही कुजलेला असतो. म्हणूनच कोणतं पॅनल विकत घ्यायचं याचं उत्तर कॅटलॉगात शोधायच्या आधी गाडी उघडावी लागते.

मसल कार हे साठच्या दशकातल्या अमेरिकेचं अपत्य. आकाराने मध्यम किंवा त्याहून लहान, दोन दारांची, तरुणांच्या खिशाला परवडणारी गाडी आणि तिच्या पोटात मोठ्या गाडीचं आठ सिलिंडरचं इंजिन. १९६४च्या पाँटियाक जीटीओपासून ही लाट सुरू झाली असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. त्याच वर्षी १७ एप्रिलला फोर्डने मस्टँग आणली आणि तिला उत्तर म्हणून जनरल मोटर्सची कॅमॅरो २९ सप्टेंबर १९६६ रोजी विक्रीला आली. १९६७, ६८ आणि ६९ या तीन मॉडेल-वर्षांत मिळून सात लाखांच्या आसपास कॅमॅरो बनल्या. मुख्य कारखाने दोन, एक ओहायोतल्या नॉरवुडचा आणि दुसरा कॅलिफोर्नियातल्या व्हॅन नाइसचा. गाडी काही वर्षं पळवायची, मग नवी घ्यायची, असा त्या बाजाराचा हिशेब होता. त्यामुळे पत्र्याच्या आतल्या खोबणी नि जोड उघडेच राहिले. आजच्या गाडीचा सांगाडा विजेच्या साहाय्याने प्रायमर चढवणाऱ्या हौदात पूर्ण बुडवून काढतात, तो प्रायमर कानाकोपऱ्यांत पोचतो आणि गंजाला फार काळ थोपवतो. ही पद्धत तिच्या आजच्या, भक्कम रूपात १९७६ नंतर रुळली. तोवर पहिल्या पिढीच्या कॅमॅरोंना गंज लागलेलाही होता.

शिवाय हवामान. मिशिगन, ओहायो या भागांत हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ वितळवायला मीठ टाकतात. डेट्रॉइट परिसरात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना मार्चमधली गाडीवरची ती पांढरी साय चांगली ओळखीची आहे. त्या शहराच्या पोटात, साडेतीनशे मीटर खोलीवर, मिठाची प्रचंड खाण आहे आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून तिथून मीठ निघतं. ज्या शहराने या गाड्यांना जन्म दिला, त्याच शहराखालच्या मिठाने त्या खाल्ल्या. म्हणून जुना पत्रा शोधणारा माणूस ॲरिझोना, न्यू मेक्सिको, टेक्सासचा कोरडा पश्चिम भाग इकडे बघतो. तिथल्या उन्हात गाडीचं रबर आणि सीटची कव्हरं करपून जातात, पत्रा मात्र टिकतो.

गंजाचा माग काढायचा तर पाण्याचा माग काढावा लागतो. कॅमॅरोत मागच्या काचेभोवती चकचकीत पट्टी असते. ती धरून ठेवणाऱ्या क्लिपा पत्र्यावर वेल्ड केलेल्या बारीक खुंट्यांवर बसतात. पट्टीखालच्या खोबणीत पाणी नि धूळ साचते, खुंट्यांच्या बुडाशी पहिली भोकं पडतात आणि तिथून पाणी थेंबाथेंबाने डिकीत उतरतं. डिकीचा तळ कुजतो, मग तळाच्या दोन्ही बाजूंचे खाली उतरणारे पत्रे कुजतात आणि शेवटी क्वार्टर पॅनलचं, म्हणजे मागच्या चाकाभोवतीच्या बाहेरच्या पत्र्याचं, खालचं टोक. बाहेर फुगवटा दिसतो तो इथे. ज्याने फक्त क्वार्टर पॅनल आणि डिकीचा तळ मागवला आणि काचेची खोबणी तशीच सोडली, त्याचा नवा पत्रा पहिल्या पावसापासून कुजायला लागतो. पुढच्या बाजूलाही असंच. विंडशील्डच्या खाली हवा घेणारी जाळी असते, तिच्यातून पानं नि माती आत पडते, पाण्याबरोबर वाहत पुढच्या मडगार्डच्या मागच्या कोपऱ्यात येऊन बसते. वर्षानुवर्षं ओला राहिलेला तो चिखल मडगार्डचा खालचा कोपरा आणि त्यामागचा खांब दोन्ही खातो. मस्टँगमध्ये हेच पाणी जाळीखालच्या गाळ्याला भोकं पाडून सरळ पायाशी, गालिच्यावर टपकतं.

छतावर व्हिनाइल असेल तर जास्त सावध राहावं. त्या कापडाखाली ओल दडते. १९७०च्या प्लिमथ सुपरबर्डचं उदाहरण तर विलक्षण आहे. शर्यतीत हवा नीट कापली जावी म्हणून तिच्या मागच्या काचेभोवती वेगळा तुकडा वेल्ड केलेला होता आणि तो जोड झाकण्यासाठी कारखान्यानेच सगळ्या सुपरबर्डना व्हिनाइल छत दिलं. तिच्याच पुढच्या मडगार्डांचा आणि बोनेटचा साचा डॉज कोरोनेटवरून घेऊन बदललेला. ‘मूळ’ पॅनल कशाला म्हणायचं, हे ठरवायला इथे इतिहास माहीत असावा लागतो, नुसतं गाडीचं नाव पुरत नाही.

मग गाडी उघडायची. गालिचे, सीट, काचा, पट्ट्या, सगळं बाहेर. लोहचुंबक कापडात गुंडाळून पत्र्यावरून फिरवायचा. जिथे पकड ढिली होते तिथे खाली लांबी आहे. टोकदार स्क्रूड्रायव्हरने जोडांच्या कडा टोचून बघायच्या. रंग उतरवताना मोठ्या सपाट पत्र्यावर वाळूचा जोरदार मारा करू नये, त्याने पत्रा ताणला जाऊन लहरी पडतात आणि त्या लहरी पुढे कुणालाही सहजी काढता येत नाहीत. मूळ चांगला पत्रा अशाने हकनाक वाया गेल्याची उदाहरणं या क्षेत्रात भरपूर आहेत.

आता निवड. बोनेट, पुढची मडगार्ड, दारं, डिकीचं झाकण ही बोल्टवर बसणारी पॅनलं. चुकीचं आणलं तर काढून परत देता येतं. क्वार्टर पॅनल, छत, तळ, दाराखालची रॉकर पट्टी ही वेल्डची पॅनलं. तिथे चूक झाली की ती गाडीच्या सांगाड्यात जाते. माझं मत स्पष्ट आहे: पैसा नि वेळ या दुसऱ्या गटासाठी राखावा, आणि गाडीचा जेवढा मूळ पत्रा निरोगी आहे तेवढा वाचवावा. पूर्ण कूज निघून जाईल इतकंच कापायचं, त्याहून बोटभरही जास्त नाही.

नवा पत्रा तीन ठिकाणांहून येतो. पहिला, दुसऱ्या गाडीवरून कापलेला मूळ पत्रा. कोरड्या प्रदेशातून आलेलं, ठोकर न खाल्लेलं मडगार्ड किंवा दार मिळालं तर त्यासारखं दुसरं काही नाही. वळणं, कडा, बोल्टची भोकं सगळं कारखान्याच्याच डायमधून निघालेलं असतं. दारांच्या बाबतीत मी हाच मार्ग सांगेन. दाराच्या चारही बाजूंची फट डोळ्यांना लगेच खुपते, आणि गंजलेल्या मूळ दाराचा सांगाडा शाबूत असेल तर फक्त बाहेरचा पत्रा बदलून तेच दार ठेवणं बहुतेकदा अख्ख्या नव्या दारापेक्षा चांगलं बसतं. दाराचा बाहेरचा पत्रा कडेला सांगाड्यावर दुमडून बसवलेला असतो. ती दुमड उघडायची, नवा पत्रा ठेवायचा, परत दुमडायचा. काम नाजूक आहे, पण जुन्या बिजागऱ्यांची जागा हलत नाही.

दुसरा, कंपनीने त्याच काळात सुट्या भागांसाठी बनवलेला आणि गोदामात न वापरता पडून राहिलेला पत्रा. जुन्या खोक्यातून असं मडगार्ड निघालं की शौकिनाचे डोळे लकाकतात आणि किंमतही त्या मानाने असते. पण खोकं जुनं म्हणून आतला माल निर्दोष, असं नाही. पन्नास वर्षं गोदामात हलवाहलवी झाली की पोचे येतात, प्रायमरखाली गंज धरतो. शिवाय एकच सुटा भाग जास्त गाड्यांना चालावा म्हणून कंपन्या त्यात किरकोळ फेरफार करत असत. खोक्यावरच्या आकड्याइतकंच आतल्या पत्र्याकडे बघावं.

तिसरा, आज नव्याने ठोकून बनवलेला पत्रा, आणि बहुतेकांच्या वाट्याला तोच येतो. यातला बराचसा माल तैवानमध्ये बनतो. बनवणारे जुनं चांगलं पॅनल मिळवतात, मोजतात, त्यावरून डाय करतात आणि प्रेसमध्ये पत्रा ठोकतात. दोष शिरतो तो याच पायऱ्यांमध्ये. ज्या पॅनलवरून माप घेतलं तेच किंचित वाकलेलं असेल तर पुढचं प्रत्येक पॅनल तसंच निघतं. मूळ कारखान्यात एक पॅनल अवाढव्य प्रेसच्या अनेक टप्प्यांतून जात असे. टप्पे कमी केले की धारदार रेघा गोलसर होतात. १९६९च्या कॅमॅरोत हे तपासायची सोपी जागा आहे. चाकाच्या कमानीपासून मागे धावणारी ठळक रेघ आणि मागच्या चाकापुढे पत्र्यातच उठवलेल्या खोट्या झडपांच्या खाचा. मूळ पत्र्यावर त्या रेघेवरून नख फिरवलं तर कड जाणवते. हलक्या नकलेत ती कड विरघळल्यासारखी वाटते, आणि काळ्या रंगाखाली तर हा फरक रस्त्यापलीकडूनही दिसतो.

ग्राहक सगळ्यात आधी विचारतो तो गेज. गेजचा आकडा वाढतो तसा पत्रा पातळ होतो: १८ गेज म्हणजे साधारण १.२ मिलिमीटर, २० गेज ०.९, २२ गेज पाऊण मिलिमीटरच्या आसपास. गाडीच्या जुन्या पत्र्यापेक्षा फार पातळ पॅनल घेतलं तर दोन अडचणी येतात. बोटाने दाबलं की पत्रा टपकन आत जातो आणि सोडलं की बाहेर येतो; आणि वेल्ड करताना जाड मूळ पत्रा तापेपर्यंत पातळ नवा पत्रा जळून भोक पडतं. तरीही नुसता जाड पत्रा म्हणजे चांगलं पॅनल, ही समजूत मला पटत नाही. पत्र्याला ताठपणा येतो तो बराचसा त्याच्या वळणातून. जाड पण वळण चुकलेलं पॅनल कुठलाही कारागीर सरळ करत बसत नाही, पातळ पण नेमक्या वळणाचं मात्र तो बसवून दाखवतो.

नवं पॅनल बहुधा काळं येतं. तो काळा थर दोन प्रकारचा असतो. एक खरा, विजेच्या हौदात चढलेला प्रायमर, ज्यावर पुढचे थर देता येतात. दुसरा फक्त जहाजात गंज लागू नये म्हणून फवारलेला तात्पुरता थर. थिनरमध्ये बुडवलेल्या फडक्याने घासून बघायचं. फडकं काळं झालं आणि पत्रा उघडा पडला तर सगळा थर उतरवूनच काम सुरू करायचं. ही दोन मिनिटांची तपासणी टाळली तर महागडा रंग वर्षभरात पापुद्र्यासारखा सुटतो.

आता सगळ्यात वादाचा मुद्दा: क्वार्टर पॅनल अख्खं घालायचं की तुकडा? अख्खं पॅनल दाराच्या चौकटीपासून मागच्या काचेला वळसा घालून छताच्या जोडापर्यंत जातं. ते लावायचं तर कारखान्याने जिथे ठिपक्यांचे वेल्ड मारले होते ते एकेक करून विशेष बिटने उकलावे लागतात. छताजवळचा जोड कारखान्याने शिशाने भरून सपाट केलेला असतो. ते शिसं हलक्या ज्योतीने वितळवून, तोंडावर योग्य मास्क लावून काढायचं. ग्राइंडर कधीच नाही, कारण शिशाची धूळ फुप्फुसात जाते. याचा मोबदला मोठा आहे. नवा जोड जुन्या जोडाच्याच जागी येतो आणि बाहेरच्या अंगावर वेल्डची रेघ राहत नाही. पण त्या एका पॅनलवर दाराची फट, डिकीची फट, काचेची चौकट आणि मागच्या दिव्यांची जागा हे सगळं अवलंबून असतं.

तुकडा लावताना उलटं घडतं. काचेची चौकट, दाराची कड जशीच्या तशी राहते, पण मोठ्या पत्र्याच्या मध्यावर लांब जोड येतो. वेल्डच्या उष्णतेने पत्रा आकसतो आणि जोडाच्या दोन्ही बाजूंना लहरी येतात. त्यावरचा उपाय म्हणजे धीर. इथे एक ठिपका, हातभर अंतरावर दुसरा, पत्रा गार होऊ द्यायचा, मग तिसरा. आणि जोड सपाट मैदानात न घेता रेघेच्या किंवा वळणाच्या जवळ घ्यायचा, कारण तिथे पत्रा मुळातच ताठ असतो. कूज फक्त चाकामागे हातभर उंचीची असेल तर मी तुकड्याच्याच बाजूने आहे. काचेची खोबणी, चाकाची कमान आणि खालचं टोक तिन्ही गेलं असेल तर अख्खं पॅनल. मध्ये एक मोहात पाडणारा मार्ग असतो: जुना पत्रा न कापता वरूनच नवी साल चढवायची. तो कधीही घेऊ नये. दोन पत्र्यांमध्ये ओल कोंडते आणि कूज झाकलेल्या जागी दुप्पट वेगाने चालू राहते.

कापण्यापूर्वी मात्र बसवून बघणं आलंच. शिंपी पक्की शिलाई मारण्याआधी कच्चे टाके घालून अंगावर चढवून बघतो, तसं नवं पॅनल आधी क्लॅम्प आणि स्क्रूवर बसवायचं. दारं लावलेली, डिकीचं झाकण लावलेलं, मडगार्ड पुढे, मागची काच एकदा ठेवून बघितलेली. रबराच्या पट्ट्याही घालून, कारण रबर दाराला बाहेर ढकलतं. गाडी आपल्या वजनाने चाकांवर उभी, नाहीतर सांगाडा झुकलेला असताना बसवलेली फट जमिनीवर उतरल्यावर बदलते. कॅमॅरोचा पुढचा सांगाडा वेगळा आणि बोल्टने जोडलेला आहे. तो किंचित तिरका बसला तरी पुढची मडगार्ड कधीच जुळत नाहीत आणि दोष बिचाऱ्या पॅनलवर जातो. दार-मडगार्डमधली फट चार-पाच मिलिमीटर, वरपासून खालपर्यंत एकसारखी, इतपत जमलं म्हणजे उत्तम. कारखान्यातून निघालेल्या गाड्यांची फटसुद्धा इतकी नीट नसे.

मागवतानाच्या घोळाबद्दलही सांगायला हवं. १९६७ आणि ६८च्या कॅमॅरो दुरून सारख्या दिसतात. पण ६७च्या दारात पुढे छोटी तिकोनी काच आहे, ६८मध्ये ती गेली. ६८पासून अमेरिकेच्या नियमाप्रमाणे मडगार्डवर आणि क्वार्टर पॅनलवर बाजूचे दिवे आले, म्हणून त्या पॅनलांना भोकं आहेत, ६७च्यांना नाहीत. ६९ला बोनेट आणि डिकीचं झाकण सोडून जवळपास सगळा पत्रा नवा. त्यामुळे ‘पहिल्या पिढीची कॅमॅरो’ एवढं सांगून माल मागवला तर चुकीचं खोकं दारात येण्याची खात्रीच. मॉडेल-वर्ष, छत पक्कं की उघडं, हे आधी नक्की करावं. उघड्या छताच्या गाडीला ताठपणा देण्यासाठी तळात नि रॉकरमध्ये जादा पत्रा असतो. तिचं रॉकर कापण्याआधी दारांच्या चौकटीत आडवे पाइप वेल्ड केले नाहीत तर गाडी मधोमध खचते.

काही पत्रे कापण्याआधी थांबावं लागतं, कारण त्यांवर गाडीची ओळख कोरलेली असते. साठच्या दशकातल्या मस्टँगचा क्रमांक चालकाच्या बाजूच्या आतल्या मडगार्ड-पत्र्याच्या वरच्या कडेवर ठोकलेला आहे, आणि पुढून धडक बसली की नेमका तोच पत्रा बदलायची वेळ येते. कॅमॅरोत क्रमांकाचा काही भाग विंडशील्डखालच्या जाळीच्या आत आणि हीटरच्या डब्यामागे गुप्तपणे ठोकलेला आढळतो. असा क्रमांक काढणं, बदलणं किंवा दुसऱ्या गाडीवर चढवणं अमेरिकेच्या संघीय कायद्याने गुन्हा आहे. त्या भागाला हात लावण्यापूर्वी राज्याच्या वाहन खात्याशी बोलून, फोटो काढून, लेखी नोंद ठेवूनच पुढे जावं. हाच प्रश्न आणखी मोठा होतो तो डायनाकॉर्नसारख्या कंपन्या १९६९च्या कॅमॅरोचा किंवा १९६७च्या मस्टँगचा जो अख्खा नवा सांगाडा विकतात त्याच्या बाबतीत. पत्रा शंभर टक्के निरोगी, रस्त्यावर चालवायला मजबूत. पण त्यावर जुनं इंजिन चढवलं तर ती गाडी कोणत्या सालची, याचं उत्तर प्रत्येक राज्य आपापल्या नियमाने देतं.

फायबरग्लासबद्दल थोडक्यात. वजन कमी करायला शर्यतवाले ते वापरतात, रस्त्यावरच्या मूळ गाडीला ते शोभत नाही. अपवाद आहे तो डॉजच्या १९६८च्या हेमी डार्टचा. तिला कारखान्यातूनच फायबरग्लासची मडगार्ड आणि बोनेट होतं, म्हणून तिथे लोखंडी मडगार्ड बसवणं हीच चूक.

मूळ पत्र्याची किंमत किती, हे जानेवारी २०२०मध्ये फ्लोरिडातल्या किसिमी इथल्या लिलावात दिसलं. ‘बुलिट’ चित्रपटात धावलेली १९६८ची मस्टँग तिथे शुल्कासह ३७ लाख ४० हजार डॉलरला गेली. रंग विटलेला, पोचे तसेच, कुणी नवं पॅनल लावलेलं नाही. अर्थात ती एकमेव गाडी आहे, तिचा भाव सगळ्यांना लागू होत नाही. पण प्रदर्शनात तपासणारे परीक्षक साध्या कॅमॅरोच्याही डिकीत वाकून ठिपक्यांच्या वेल्डची ठेवण बघतात, आणि तिथे मूळ पत्रा दिसला की गाडीचा भाव चढतो.

म्हणून काढलेलं जुनं पॅनल लगेच भंगारात देऊ नये. नव्या क्वार्टर पॅनलवर पट्टीच्या खुंट्या कधीकधी नसतात, रेडिओच्या अँटेनाचं भोक पडलेलं नसतं, आतले छोटे ब्रॅकेट सुटे मिळत नाहीत. ही सगळी मापं जुन्या पत्र्यावरूनच घ्यायची असतात. त्याच्या वरच्या निरोगी भागातून चाकाच्या कमानीपुरता किंवा दाराच्या कोपऱ्यापुरता मूळ पत्रा कापूनही वापरता येतो, आणि गंज लागलेला तुकडासुद्धा नवीन पॅनलशेजारी धरला की वळण कुठे चुकलंय ते डोळ्यांना दिसतं. रंग लागून, काचा बसून, सगळ्या पट्ट्या आपापल्या क्लिपांत टक्कन बसेपर्यंत ते जुनं पॅनल गॅरेजच्या भिंतीला टेकवून ठेवावं.